पुढच्या एका नगाचा हिशेब
(बी. कॉम. द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीकडून)

वाणिज्य शाखेत येणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी मनाशी एक गणित मांडलेले असते. ते म्हणजे दहावीनंतर गणिताला रामराम! बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, व्याज आणि फार तर घसारा, एवढ्यावर पदवी पदरात पडेल असा आपला समज असतो. आणि मग व्यावसायिक गणिताच्या पुस्तकात एक प्रकरण दत्त म्हणून समोर उभे राहते. ते प्रकरण म्हणजे कॅल्क्युलस.

मराठी माध्यमातून आलेल्यांना हा धक्का दुहेरी असतो. विषय नवा आणि शब्दही नवे. 'फंक्शन' म्हणजे आमच्या लेखी गॅदरिंगचा कार्यक्रम. 'लिमिट' म्हणजे रस्त्यावरच्या पाटीवरची वेगमर्यादा. 'डेरिव्हेटिव्ह' म्हणजे काय, ते देव जाणे. साहजिकच वर्गाचे सर्वमान्य धोरण ठरते की हे प्रकरण ऑप्शनला टाकावे आणि उरलेल्यांवर पास व्हावे.

हे धोरण तोट्याचे आहे असे माझे मत आहे, आणि ते केवळ गुणांपुरते नव्हे. सी. ए. फाउंडेशनच्या अभ्यासक्रमात कलनाची तोंडओळख आहेच. पण ती गोष्ट बाजूला ठेवू. कलन ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न दुकानदाराचा, कारखानदाराचा, विणकराचा रोजचा प्रश्न आहे. 'आणखी एक नग केला तर काय होईल?' एवढाच तो प्रश्न. प्रस्तुत लेखात तो एका साध्या उदाहरणाने उलगडून दाखवण्याचा माझा प्रयत्न आहे.

सरासरी कशी फसवते

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात राहणाऱ्यांना मागांचा आवाज ऐकल्याशिवाय झोप लागत नाही. आमच्याही घरी यंत्रमाग आहेत, म्हणून उदाहरण साड्यांचेच घेते. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे मी बसवलेले आहेत. ते कोणाच्या वहीतले नाहीत.

समजा, एका छोट्या कारखान्यात आठवड्याला 'क्ष' साड्या विणल्या जातात. खर्चाचे तीन भाग पडतात. पहिला भाग जागेचे भाडे आणि कर्जाचा हप्ता यांचा. माग चालोत वा न चालोत, आठवड्याला ३,२०० रुपये जाणारच. दुसरा भाग सूत, जर आणि मजुरी यांचा. साडीमागे २०० रुपये. तिसरा भाग लबाड असतो. काम थोडे असताना तो दिसत नाही, पण काम वाढू लागले की तो झपाट्याने वाढतो. रात्रपाळीची जादा मजुरी, घाईने उधारीवर उचललेले महाग सूत, सतत चालून बिघडणारा माग, दुय्यम ठरून परत आलेल्या साड्या, हे सगळे त्यात येते. हा भाग साड्यांच्या संख्येच्या वर्गाच्या दुप्पट धरू. म्हणजे,

एकूण खर्च = ३,२०० + (२०० × क्ष) + (२ × क्ष × क्ष)

साडी व्यापाऱ्याला ४८० रुपयांना जाते असे समजा.

आता आठवड्याला ८० साड्या विणल्या तर खर्च येतो ३२,००० रुपये. भागाकार केला की साडीमागे सरासरी ४०० रुपये. विक्री ४८० ला. साडीमागे ८० रुपये सुटतात! कोणीही म्हणेल की चांगले चालले आहे, आणखी दहा विणा.

पण जरा थांबू आणि ७९ साड्यांचा खर्च काढू. तो येतो ३१,४८२ रुपये. याचा अर्थ ऐंशीव्या साडीने एकटीने ३२,००० वजा ३१,४८२, म्हणजे ५१८ रुपये खाल्ले. ती विकली ४८० ला. तिच्यावर ३८ रुपयांचे नुकसान झाले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण पहिल्या स्वस्त साड्यांनी सरासरीच्या पदराआड तिला झाकून घेतले.

तीन ओळींचा तक्ता केला तर चित्र स्वच्छ होते.

६० साड्या : विक्री २८,८००, खर्च २२,४००, नफा ६,४०० रुपये.
७० साड्या : विक्री ३३,६००, खर्च २७,०००, नफा ६,६०० रुपये.
८० साड्या : विक्री ३८,४००, खर्च ३२,०००, नफा ६,४०० रुपये.

साठ विणणारा आणि ऐंशी विणणारा, दोघांच्या हातात तेवढेच पैसे! मधल्या वीस साड्यांसाठी रात्री जागवल्या, डोळे लाल केले, त्याचा मोबदला शून्य. सरासरी आपल्याला मागचे सांगते. पुढच्या साडीचे काय, हे ती सांगत नाही. पुढच्या एका नगाने वाढणाऱ्या या खर्चाला अर्थशास्त्रात सीमांत खर्च म्हणतात. इंग्रजी पुस्तकात तोच 'मार्जिनल कॉस्ट'.

सरासरी आणि सीमांत यांचे नाते क्रिकेटवरून पटकन समजते. ज्या फलंदाजाची सरासरी ४० आहे, त्याने पुढच्या डावात ६० धावा केल्या तर सरासरी वर जाते. २० केल्या तर खाली येते. तसेच पुढची साडी सरासरीपेक्षा स्वस्त पडते तोवर सरासरी उतरते, महाग पडू लागली की चढते. म्हणून सरासरी सर्वांत कमी जेथे असते तेथे दोन्ही समान असतात. आपल्या उदाहरणात हे ४० साड्यांना घडते. तेथे दोन्ही खर्च ३६० रुपये आहेत. पण गंमत अशी की सर्वांत कमी सरासरी खर्च ४० ला असला तरी सर्वांत जास्त नफा ७० ला आहे. 'माल स्वस्तात पडतो' आणि 'धंदा फायद्यात आहे' ही वाक्ये एक नव्हेत, हे येथे आकड्यांनी सिद्ध होते.

शून्याच्या जवळ, पण शून्य नव्हे

येथपर्यंत वजाबाकीने भागले. मग कलन कोठे आले? ७० चा आकडा मी कसा शोधला, या प्रश्नात ते आले. एक एक साडी घेऊन तक्ता करीत बसलो तर संध्याकाळ होईल. त्याऐवजी कलन एक युक्ती देते.

७० साड्यांवर आणखी 'ह' साड्या विणल्या असे धरू. वरच्या सूत्रात ७० च्या जागी (७० + ह) घालून वजाबाकी केली की जादा खर्च येतो (४८० × ह) + (२ × ह × ह). याला ह ने भागले की दर साडीमागे जादा खर्च मिळतो :

४८० + (२ × ह)

आता ह लहान लहान करीत जाऊ. ह = १० असता ५०० रुपये; ह = १ असता ४८२; ह = अर्धा असता ४८१; ह = एक दशांश असता ४८०.२०; ह = एक शतांश असता ४८०.०२. हे आकडे कोठे निघाले आहेत हे सांगायला गणिती लागत नाही. ते ४८० कडे निघाले आहेत. या ४८० ला म्हणायचे सीमा, म्हणजे लिमिट. आणि अशा रीतीने मिळालेल्या दराला अवकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह. एवढाच तो बागुलबुवा!

येथे वर्गात हमखास एक शंका निघते. शेवटी ह ला शून्यच करायचे, तर सुरुवातीलाच का करू नये? कारण सुरुवातीला केले तर जादा साड्या शून्य, जादा खर्चही शून्य, आणि शून्याला शून्याने भागण्याची पाळी येते. त्यातून काहीच निघत नाही. म्हणून आधी भागाकार उरकायचा आणि मग उत्तराचा कल कोणीकडे आहे ते पाहायचे.

ही शंका ज्यांना येते त्यांनी स्वतःला मठ्ठ समजू नये. इंग्लंडचे न्यूटन आणि जर्मनीचे लायब्निझ यांनी सतराव्या शतकात स्वतंत्रपणे कलनाची मांडणी केली. लायब्निझ यांचा या विषयावरील पहिला लेख १६८४ साली छापला गेला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १७३४ मध्ये, बर्कली नावाच्या आयरिश धर्मगुरूने पुस्तक लिहून नेमका हाच आक्षेप घेतला होता. जी राशी एका ओळीत आहे म्हणता, तीच पुढच्या ओळीत नाही कशी म्हणता, असा त्याचा सवाल होता. त्याला पटण्यासारखे उत्तर मिळायला एकोणिसावे शतक उजाडले. फ्रान्सच्या कोशी यांनी १८२१ च्या आपल्या ग्रंथात सीमेच्या कल्पनेवर कलनाची उभारणी केली, तेव्हा कोठे पाया पक्का होऊ लागला. मोठमोठ्यांना दीडशे वर्षे अडवून धरणारी शंका आपल्याला एका तासिकेत आली, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

दुसरी शंका धंदेवाईक आहे. अर्धी साडी किंवा साडीचा शंभरावा भाग कोण विणतो? कोणीच नाही. पण खर्चाची वक्ररेषा अखंड आहे असे धरले की हिशेब एका ओळीत होतो आणि उत्तरात पडणारा फरक किरकोळ असतो. ऐंशीव्या साडीचा खरा जादा खर्च ५१८ रुपये होता. कलनाने ७९ ला ५१६ आणि ८० ला ५२० येतो. खरे उत्तर बरोबर दोहोंच्या मध्ये आहे.

नियम पाठ करायचे ते यानंतर. स्थिर राशीचा अवकलज शून्य, २०० क्ष चा २००, आणि २ × क्ष × क्ष चा ४ क्ष. म्हणून आपला सीमांत खर्च २०० + ४ क्ष. तो विक्रीच्या भावाइतका, म्हणजे ४८० झाला की थांबायचे. २८० भागिले ४ बरोबर ७०. तक्ता नको, संध्याकाळ वाया घालवणे नको. डोंगराच्या माथ्यावर क्षणभर चढही नसतो आणि उतारही नसतो. नफ्याच्या शिखरावरही नेमके तेच असते.

वर्तमानपत्र वाचतानाही हा विचार कामी येतो. 'महागाईचा दर घटला' अशी बातमी आली की घरी पहिला प्रश्न येतो, मग डाळ स्वस्त का नाही झाली? दर घटला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. भाव चढतच आहेत, फक्त चढण्याचा वेग कमी झाला आहे. राशी वेगळी आणि तिच्या बदलाचा दर वेगळा, हा भेद ज्याला कळला त्याला कलन निम्मे कळले.

हा विषय परका नाही

कलन म्हणजे साहेबाची विद्या अशी आपली समजूत असते. ती पूर्ण खरी नाही. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि 'सिद्धान्तशिरोमणि' हा त्यांचा ग्रंथ ११५० चा. ग्रहाचा वेग दिवसाच्या सरासरीने न मोजता त्या त्या क्षणी किती हे काढण्याचा विचार त्यांनी केला आणि त्याला 'तात्कालिक गती' असे नाव दिले. संपूर्ण कलनशास्त्र त्यांनी रचले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण सरासरी आणि तत्क्षणीचा दर यांतील फरक त्यांना स्पष्ट दिसला होता. त्यांचे गाव कोणते यावर विद्वानांत वाद आहे. काही जण विजापूर म्हणतात, काही जण खानदेशातील चाळीसगावजवळचे पाटण. म्हणजे आपल्या या अंकाच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांना त्यांच्यावर हक्क सांगता येतो!

पुढे केरळात संगमग्रामाच्या माधवाने आणि त्याच्या शिष्यपरंपरेने अनंत श्रेढींच्या साह्याने फार मोठी मजल मारली. त्या परंपरेतल्या ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात 'युक्तिभाषा' हा ग्रंथ लिहिला, आणि तो संस्कृतात नव्हे, तर मल्याळम गद्यात. अवघड गणित आपल्या बोलीत समजावून सांगता येते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

मराठीतही पुरावा आहे. 'दर्पण' हे मराठीतील पहिले वृत्तपत्र १८३२ साली सुरू करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी कलनावर मराठीत पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'शून्यलब्धि'. मला हे नावच फार आवडले. लब्धि म्हणजे भागाकाराने हाती येते ते. ह शून्याकडे जात असताना जे हाती लागते ते शून्यलब्धि, असा मी त्याचा अर्थ लावते. 'डेरिव्हेटिव्ह' या शब्दाने मला जे सांगितले नाही ते या एका शब्दाने सांगितले.

आपल्या सीमाभागात आणखी एक सोय आहे. एक शब्द अडला तर दुसऱ्या भाषेचे दार ठोठावता येते. मराठीत 'लिमिट'ला सीमा म्हणतात, आणि सीमा हा शब्द बेळगावकरांना कोणी शिकवायला नको. कन्नडात मर्यादेला 'मिती' म्हणतात. मराठीत मिती म्हणजे जुन्या वह्यांत आणि हुंडीवर घालतात ती तिथी. अक्षरे तीच आणि अर्थ दोन. सूतबाजारात कन्नड आणि घरात मराठी बोलणाऱ्या माझ्यासारखीला असे शब्द एकदा जोडून घेतले की पुन्हा विसरता येत नाहीत.

किर्दीकडून ताळेबंदाकडे

कलनाचा दुसरा भाग समाकलन, म्हणजे इंटिग्रेशन. आपल्या शाखेच्या विद्यार्थ्याला तो खरे तर अधिक ओळखीचा वाटायला हवा. अवकलन एकूण राशीवरून बदलाचा दर काढते. समाकलन उलट्या वाटेने जाऊन दरांची बेरीज करते आणि एकूण राशी मिळवते. रोजच्या किर्दीतल्या नोंदी जमवत जमवत आपण वर्षअखेरच्या शिलकेपर्यंत पोचतो, तसेच हे आहे. समाकलनाची जी लांबट नागमोडी खूण पुस्तकात दिसते ती लायब्निझने योजलेली. बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे पहिले अक्षर ओढून लांब केले, झाली खूण.

उत्तराच्या शेवटी एक स्थिरांक लिहावा लागतो. तो न लिहिल्याबद्दल गुण कापले जातात. पण तो का लिहायचा हे फारसे कोणी विचारीत नाही. आपल्या उदाहरणात पाहा. सीमांत खर्च २०० + ४ क्ष. यावरून एकूण खर्चाकडे परत गेलो की २०० क्ष आणि २ × क्ष × क्ष मिळतात. पण भाडे आणि हप्त्याचे ३,२०० कोठे गेले? अवकलनात ते शून्य झाले होते, त्यामुळे परत येताना सापडत नाहीत. ते बाहेरून, माहिती म्हणून मिळवावे लागतात. वर्षभराची किर्द कोणी आणून दिली तरी आरंभीची शिल्लक ठाऊक असल्याशिवाय अखेरची शिल्लक सांगता येईल काय? तो स्थिरांक म्हणजे आरंभीची शिल्लक!

मंदीतला प्रश्न

आता ज्या प्रश्नासाठी हे सारे मला जवळचे वाटते त्याकडे वळते. भाव चांगला असताना सगळेच शहाणे असतात. भाव पडला तर?

समजा, साडीचा भाव ४८० वरून ३४० वर आला. सरासरी खर्च तर काहीही केले तरी ३६० च्या खाली जात नाही. म्हणजे प्रत्येक साडी तोट्यात. मन म्हणते, माग बंद करा. कलन काय म्हणते ते पाहू. सीमांत खर्च ३४० होतो तो ३५ साड्यांना. ३५ साड्यांची विक्री ११,९०० रुपये, खर्च १२,६५०. तोटा ७५० रुपये. आणि माग बंद ठेवले तर? भाडे आणि हप्ता चुकत नाही. तोटा ३,२०० रुपये. म्हणजे तोट्यात चालवणे हे बंद ठेवण्यापेक्षा २,४५० रुपयांनी बरे. शिवाय मजुरांची चूल पेटती राहते, ती गोष्ट या सूत्रात धरलेलीच नाही.

मात्र याला हद्द आहे. भाव २०० च्या खाली गेला तर सूत-मजुरीही निघत नाही. तेव्हा पहिलीच साडी विणणे शहाणपणाचे नाही. आणि तोट्यात चालवणे हा काही महिन्यांचा उपाय आहे, कायमचा नव्हे. भाडे आणि कर्ज कधी ना कधी सुटले पाहिजे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर माग पुन्हा सुरू करावेत की नाही यावर आमच्या घरी बरेच दिवस खल चालला होता. आप्पा म्हणत, 'हप्ता तर द्यायचाच आहे, मग थोडे तरी विणू.' त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. ते अंदाजाने बोलत होते, पण त्यांच्या बोलण्यात सीमांत खर्चच होता. फक्त किती विणायचे हा आकडा त्यांच्या हाताशी नव्हता. कलन शहाणपण देत नाही; ते आप्पांसारख्या माणसांकडे आधीच असते. त्या शहाणपणाला कलन आकडा जोडून देते. ज्या घरांत एका आठवड्याच्या चुकीच्या अंदाजाने शाळेची फी थकते, त्या घरांत या आकड्याला किंमत आहे.

अभ्यासाविषयी थोडेसे

शेवटी माझ्या अनुभवाच्या तीन सूचना करते. पहिली, सूत्र पाठ करण्यापूर्वी एकदा तरी हाताने तक्ता करावा. १०, १, एक दशांश, एक शतांश असे आकडे घालून उत्तर कोठे सरकते ते डोळ्यांनी पाहावे. दुसरी, कलनाच्या उदाहरणात पुष्कळदा कलन चुकत नाही, चुकते ते नववी-दहावीचे बीजगणित. कंस सोडवणे, घातांक आणि अपूर्णांक यांची आठवडाभर उजळणी केली तर निम्मी भीती जाते. तिसरी, वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखावेत : इंग्रजी शब्द, मराठी शब्द, कन्नड शब्द. परीक्षा इंग्रजीत द्यायची असली तरी समजून घ्यायला आपली भाषा वापरायला कोणाची मनाई आहे? मराठी विश्वकोशात 'अवकलन व समाकलन' ही नोंद आहे, ती जरूर चाळावी. कन्नड विभागातल्या मैत्रिणींनी आपल्या भाषेतले शब्द मला सांगितले तर माझा तिसरा रकाना भरेल.

आणि एवढे जमले नाही तरी एक सवय मात्र लावून घ्यावी. कोणी सरासरी सांगितली की लगेच विचारावे, 'ते ठीक आहे, पण पुढच्या एकाचे काय?'